रुसायची सोय नसलेलं लग्न

बालीतल्या लग्नाची पत्रिका आली की आधी मुहूर्त बघू नका, पासपोर्ट बघा. तिथे उतरल्यापासून पुढे सहा महिने त्याची मुदत शिल्लक लागते. आमच्या मावसभावाच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा अर्ध्या खानदानाचे पासपोर्ट कपाटात, साड्यांच्या घड्यांखाली, निवांत मुदत संपवून बसले होते. तिकिटांसाठी नावं मागवली तर ग्रुपवर आलं काय? बेबीआत्या, भाऊ, नानामामा, ताई (मोठी), ताई (धाकटी). बेबीआत्याचं नाव सुलोचना आहे हे मला इतक्या वर्षांनी कळलं. तिच्या आधारवर सासरचं आडनाव, पासपोर्टवर माहेरचं आणि भाचा घाईत असल्यामुळे तिकिटावर नुसतंच 'बेबी'. ते दुरुस्त करायला जेवढे फोन झाले, तेवढे तिचं लग्न जमवतानाही झाले नसतील.

यजमानांचं म्हणणं एकच, ''तुम्ही फक्त यायचं, बाकी सगळं आमच्याकडे.'' त्यांनी शब्द पाळला, खोटं कशाला बोला. पण यायचा खर्च ज्याचा त्याने करायचा होता.

पैशांचं आधी घरातल्या ज्येष्ठांना बसवून समजावून सांगा. बालीच्या विमानतळावर व्हिसा मिळतो, फी पाच लाख. शिवाय पर्यटकांकडून बेटासाठी घेतात ते दीड लाख वेगळे. आम्ही हे कुणाला सांगितलंच नव्हतं. काउंटरवरचे आकडे वाचून नानामामा टेकायला खुर्ची शोधू लागले. मग कळलं की ते इंडोनेशियाचे रुपिया. पाच लाख म्हणजे आपले अडीच-तीन हजार रुपये. तिथपासून मामांचा रुबाब जो वाढला तो परत येईपर्यंत उतरला नाही. शहाळं घेतलं तरी ''किती हजार झाले?'' असं गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. आहेराच्या पाकिटाची मात्र पंचाईत. वरचा एक रुपया आणायचा कुठून? एक रुपियाचं नाणं काही कुणाच्या नजरेस पडेना. मामीने शेवटी पर्सच्या तळाशी हात घालून आपलं भारतीय नाणं काढलं आणि पाच लाखांच्या डोक्यावर ठेवलं.

सामानात सगळ्यात घातक वस्तू म्हणजे ओटी. हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम इथपर्यंत ठीक. पण खोबऱ्याची वाटी विमानात चालत नाही. सुक्या खोबऱ्यात तेल इतकं की ते पेट घेऊ शकतं म्हणे. कापराचंही तेच. मुंबईच्या विमानतळावर आत्याची बॅग उघडली गेली आणि निगुतीने पुसून ठेवलेल्या वाट्या एकेक करून बाहेर आल्या. ''अहो, सौभाग्याचं लेणं आहे ते!'' असं ती अधिकाऱ्याला सांगत होती. तो बिचारा मान खाली घालून वाट्या मोजत होता. दागिन्यांचंही तिथेच उरकून घ्या. भारी काही नेणार असाल तर निघतानाच कस्टम्सला दाखवून प्रमाणपत्र घ्यायचं. नाहीतर येताना आजीच्या पाटल्यांची पावती दाखवायची वेळ येते, आणि आजीचा सोनार वर जाऊन कित्येक वर्षं झालेली असतात.

गंमत पुढेच आहे. बालीत बहुसंख्य लोक हिंदू. रोज सकाळी दारोदारी, दुकानांपुढे, अगदी आमच्या हॉटेलच्या पायरीवरही झावळीच्या पानाची छोटी परडी दिसायची. तिला चनांग सारी म्हणतात. वर रंगीत फुलं, उदबत्ती आणि पोटात विड्याचं पान, सुपारी, चुना. आत्याने चष्मा लावून वाकून पाहिलं आणि हॉटेलातल्या मुलीला खाणाखुणांनी बाजारात घेऊन गेली. तासाभरात पानं, सुपारी, केळी, नारळ, फुलं, सगळं हजर! नारळांच्या बेटावर आपण खोबरं घेऊन निघालो होतो. एक सांभाळा, त्या परड्या वाटेवरच असतात, त्यांच्यावर पाय देऊ नका. आमचे भाऊ बूट बघत चालायचे म्हणून वाचले.

तारीख यजमान ठरवतात, तरी कानावर घाला. आपली लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते आणि तिथला पावसाळाही साधारण तेव्हाच. साडेतीन मुहूर्तांपैकी पाडवा धरावा म्हणाल, तर त्याच सुमारास त्यांचं न्येपी, म्हणजे मौन पाळायचं नववर्ष, येतं. त्यांचंही शकवर्षच ना! 2026मध्ये दोन्ही 19 मार्चलाच आले. त्या दिवशी बेटावर दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद. वरात काढणार कुठून? पंचांगातली वेळ भारतीय असते आणि बालीचं घड्याळ अडीच तास पुढे, हा घोळ वेगळाच. आमच्या गुरुजींनी गोरज मुहूर्त काढून तो सोडवला. फोटोग्राफरने त्यांना वाकून नमस्कार केला.

पण खरी अडचण कुणीच सांगत नाही. परदेशातल्या लग्नात रुसता येत नाही.

आमच्याकडे हे काम नानामामांकडे असतं. डोंबिवलीच्या कार्यालयात त्यांची पद्धत ठरलेली. पंगतीतून उठायचं, चपला शोधायला वेळ लावायचा, फाटकापर्यंत सावकाश जायचं, तिथे दोघांनी धरायचं आणि मठ्ठ्याचा पेला हातात देऊन परत आणायचं. बालीत त्यांना बागेकडची खोली मिळाली आणि व्याह्यांना समुद्राकडची. झालं! फिकट गुलाबी कुडत्यात (रंग यजमानांनी ठरवलेला) मामा तरातरा लॉबीत गेले. दरवाज्यातल्या पोऱ्याने हात जोडून टॅक्सी बोलावली. आता जायचं कुठे? परतीचं विमान सोमवारी. मामा पोहण्याच्या तलावाला फेरी मारून आले. समजूत काढायला कोणी नाही, कारण सगळ्या बायका खोल्यांमध्ये इस्त्रीच्या तीन पिनांना बसणारं भोक शोधत होत्या.

दोन सकाळी ते ऑम्लेटच्या काउंटरशी आमच्याकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी स्वतःच प्लेट घेऊन आमच्या टेबलावर आले, ''इथे पोहे करत नाहीत का रे?'' म्हणाले आणि तह झाला.

तेव्हा रुसणाऱ्यांनी थोडे पैसे जास्त पडले तरी चालतील, पण परतीचं तिकीट तारीख बदलता येईल असंच काढावं.