‘चोचले’ या शब्दाबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही मला ताई म्हटलंत, म्हणून मीही दादाच म्हणते. तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. कालचा दिवस ती डोक्यात घोळत राहिली, आणि आज उत्तर लिहायला बसले आहे. लांबेल, हे आधीच सांगते.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलांच्या उन्हाळी सुट्टीत आई-बाबांनी स्वतःची झोप, पाणी आणि दिवसातली वीस मिनिटं कशी सांभाळावीत, यावर मी लिहिलं होतं. त्यावर दादा म्हणतात, ‘आमच्या आईनं चार मुलं वाढवली, तिला कधी स्वतःसाठी वीस मिनिटं लागली नाहीत, हे सगळे चोचले आहेत.’ पुढे तीन मुद्दे आहेत. आठ ग्लास पाण्याचा नियम कुठून आणला? एकट्यानं मूल वाढवणाऱ्यानं ही वीस मिनिटं कोणाच्या भरवशावर काढायची? आणि रात्रपाळी करणाऱ्याला ‘मुलं उठायच्या आत उठा’ हा सल्ला काय कामाचा?

पाण्याचं तुमचं बरोबर आहे. आठ ग्लास हा आकडा सगळे सांगतात म्हणून मीही लिहून गेले, त्याला पक्का आधार नाही. किती पाणी लागेल हे अंगकाठी, काम आणि उकाडा यांवर ठरतं. तहान लागली की प्यावं, लघवी गडद पिवळी दिसली तर आणखी प्यावं, असा बदल लेखात केला आहे. चूक दाखवल्याबद्दल आभार, मनापासून.

आता तुमच्या पहिल्या वाक्याकडे येते.

‘मला पटलं नाही’ एवढंच लिहिलं असतंत तर मी दोन ओळींत उत्तर देऊन मोकळी झाले असते. पण तुम्ही ‘चोचले’ लिहिलंत. हा शब्द आपण कोणाला लावतो? पोट भरलेलं असताना ताटातलं निवडत बसणाऱ्याला. जी बाई रात्री साडेबाराला पाठ टेकते आणि साडेपाचला उठते, जो बाप कामावरून आल्यावर बूट काढायच्या आत मुलांची भांडणं सोडवायला लागतो, त्यांच्या वीस मिनिटांना तुम्ही हा शब्द लावलात. ताई म्हणून सुरुवात केली की पुढे काहीही बोलायला मोकळीक मिळते असं नाही. मला लागलं, आणि लागलं हे मी लपवणार नाही.

मी हे ऐकीव लिहीत नाही. तीन वर्षांपूर्वीची सुट्टी सांगते. थोरली नऊ वर्षांची होती, धाकटा पाच. शाळा चालू असते तेव्हा मुलं दिवसाचे सहा तास दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेखाली असतात. सुट्टी लागली की ते सहा तास घरात येतात आणि आपल्या कामाचे तास मात्र आहेत तेवढेच राहतात. मी घरून काम करत होते. मुलं दुपारी झोपायची, म्हणून रात्री अकरापर्यंत टक्क जागी. ती झोपली की माझं उरलेलं काम. त्यात रात्रीचा उकाडा. झोप नीट लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. खोली तापलेली आणि हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग निवत नाही, आणि तासा-दीड तासानं जाग येते. असे पाच आठवडे गेले.

एका दुपारी धाकट्याच्या हातून पाण्याची काचेची बाटली पडली. आवाज ऐकून मी आत गेले. मी तोंडातून शब्द काढायच्या आत त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले आणि तो खाली बसला. काचांच्या मधोमध, अनवाणी. दादा, मी त्या मुलावर तोवर एकदाही हात उगारला नव्हता. त्या पाच आठवड्यांत त्यानं माझ्या चेहऱ्यावर काय पाहिलं असेल, याचा विचार मी आजही करते. उचलून घेतलं तेव्हा त्याची मान घामानं चिंब होती. त्यानं विचारलं, ‘आई, तू दमलीस की रागावलीस?’ त्याला फरक कळत नव्हता. मलाही सांगता आला नाही.

त्याच आठवड्यात मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळ्यात आधी झोपेचं विचारलं. मोजली तर जेमतेम साडेचार तास भरत होती. मोठ्या माणसाला नियमानं निदान सात तास हवेत, असं अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या दोन संस्थांनी २०१५ साली एकत्रितपणे सांगितलं आहे. मी सात नाही, सहा तासांपासून सुरुवात केली, आणि दुपारी वीस मिनिटं दार लावून पडायला लागले. मुलांना घड्याळातला मोठा काटा दाखवला, तो इथून इथे येईपर्यंत आई कोणालाच दिसणार नाही. पहिले चार दिवस दारावर थापा. पाचव्या दिवशी थोरलीनं धाकट्याला स्वतःहून गोष्ट वाचून दाखवली. हेच ते चोचले.

आता तुमच्या आईंबद्दल. त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे, आणि त्यांचं नाव वादात तुम्ही आणलंत, मी नाही. ‘तिला कधी लागली नाहीत’ हे त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं, की तुम्ही लहान होतात आणि तुम्हाला दिसलं नाही?

माझी आईही असंच सगळं करायची आणि मीही कितीतरी वर्षं असंच म्हणत होते. उन्हाळ्याच्या दुपारी सगळे आडवे झाले की ती मागच्या पायरीवर बसायची आणि बादलीत पाय सोडायची. साडी पोटरीपर्यंत वर घेतलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर उताणे. मला वाटायचं, पाय धुतेय. एकदा मी हाक मारली तर डोळे न उघडता फक्त मान हलवली. मग मी पुन्हा तिला त्या वेळी हाक मारली नाही. ती सांगून बसत नव्हती, तिला त्यासाठी शब्दही नव्हता, पण रोज बसायची. पुढे कुठेतरी वाचलं की तळपाय आणि तळहातांच्या कातडीखाली रक्तवाहिन्यांची खास जोडणी असते आणि तिथून शरीराची उष्णता लवकर बाहेर पडते. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं. पायांनीच शिकवलं असणार. तिच्या त्या बादलीला चोचले म्हणायची माझी हिंमत नाही.

चार मुलांचा हिशेब मांडलात, तर त्याबद्दलही बोलते. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठातल्या इझाबेल रोस्काम आणि मोइरा मिकोलाय्चाक या संशोधक गेली काही वर्षं पालकांच्या थकव्याचा अभ्यास करत आहेत. हा नुसता दमल्याचा थकवा नव्हे. आपल्याच मुलांपासून मन तुटत जातं, ‘मी आधी असा पालक नव्हतो’ असं वाटायला लागतं, तो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या अभ्यासात ४२ देशांतले १७ हजारांहून जास्त पालक होते. त्यात दिसलं की मुलं किती आहेत, त्यांच्यासोबत किती तास जातात, यापेक्षा समाज किती ज्याचा-त्याचा झाला आहे याचा या थकव्याशी जास्त संबंध आहे. म्हणजे चार मुलं वाढवणारी आई जास्त थकलेली असेलच असं नाही, ती एकटी असेल तर दोन मुलांतही मोडेल. तुमच्या आईंच्या आजूबाजूला मूल पाच मिनिटं कडेवर घेणारं कोण-कोण होतं, ते आठवून पाहा. आजच्या कितीतरी घरांत ती पाच मिनिटं घेणारं माणूस नाही, म्हणून वीस मिनिटं वेळापत्रकात लिहावी लागतात. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे लोकांच्या आरोग्याबद्दल सरकारतर्फे बोलणाऱ्या तिथल्या प्रमुख डॉक्टरांनी, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालकांच्या ताणावर जाहीर सूचनापत्र काढलं. बहुतेक दिवस ताण पार असह्य होतो असं सांगणारे पालक तिथे ४८ टक्के निघाले, इतर मोठ्या माणसांत हेच प्रमाण २६ टक्के. एवढी माणसं लाडावलेली नसतात, दादा.

एकटे पालक आणि रात्रपाळी या दोन मुद्द्यांवर इथे फार बोलत नाही. एका लेखात सगळ्यांची घरं मावत नाहीत. रात्रपाळीवाल्यांनी उठण्याची वेळ आपल्या झोपेवरून ठरवावी, हे वाचणाऱ्याला सांगावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. एकट्या पालकांसाठी वेगळं लिहीन, सवडीनं.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. पण तुम्हाला एक माहीत असावं. तुमच्या आधी त्या लेखाखाली दोन प्रतिक्रिया होत्या. एक एका आईची, मुलं झोपल्यावर बाथरूममध्ये नळ सोडून रडते असं तिनं लिहिलं होतं. दुसरी एका बाबांची, सुट्टीत मुलांवर ओरडून झाल्यावर गाडीत जाऊन बसतो, अशी. तुमची प्रतिक्रिया आल्यावर तासाभरात दोघांनीही आपापल्या ओळी पुसून टाकल्या. तुम्ही दोघं हे वाचत असाल तर परत लिहा. नाव नाही दिलंत तरी चालेल, मी दोघांनाही उत्तर देणार आहे.