संपर्क अधिकारी फक्त कागदावरच का?

निविदेत ठळक अक्षरात लिहायचं की शंका फक्त संपर्क अधिकाऱ्यालाच विचारा, दुसऱ्या कुणाशी बोललात तर बाद करू, आणि तो अधिकारी कुठंय? फोन लागत नाही! लागला तर शिपाई उचलतो, साहेब मीटिंगला गेलेत, साहेब निवडणूक ड्युटीवर, आणि चौथ्या दिवशी कळतं की साहेबांची बदली होऊन महिना झालाय. मग नाव कशाला ठेवलंय अजून? ईमेल टाकला तर मेलबॉक्स फुल म्हणून परत.

नियम मला मान्य आहे हो. एकाच माणसाशी बोललं की आतली माहिती फुटत नाही, सगळ्यांना सारखंच उत्तर मिळतं. पण उत्तर मिळालं तर ना! बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या आयटम आणि परिमाणांच्या यादीत, एका आयटमचं युनिटच चुकलंय, मीटर की चौरस मीटर एवढंच सांगा, दर कशावर भरू मी? निविदा भरण्याआधीच्या प्री-बिड मीटिंगलाही लेखी दिलं, आणि शुद्धिपत्रक आलं ते नुसतं तारीख वाढवल्याचं. केंद्र सरकारचं ऑफिस हे, त्यांच्याच २०१७ च्या वित्तीय नियमांत, नियम १७३ मध्ये आहे की अटींवर प्रश्न विचारायची सोय निविदेतच हवी. बंद पडलेला लँडलाइन म्हणजे सोय का?

इकडे ईएमडीचे, म्हणजे निविदेच्या अनामत रकमेचे, पैसे उभे करायचे, डीएससी, म्हणजे डिजिटल सही, लावून रात्री पोर्टलवर बसायचं, आणि दर चुकला तर तोटा कुणाचा, माझाच ना? बदली झाली की त्याच दिवशी नाव बदला, एवढं तरी करा राव!