आधी शीर्षक ठरवा, प्रश्नाचं नंतर बघू

रिसर्च करायचा ठरवलात ना, मग सगळ्यात आधी हे डोक्यातून काढून टाका की त्याला काही प्रश्न लागतो. लागतो तो विषय. प्रश्न असला की त्याला उत्तर असतं, उत्तर आपल्याला हवं त्याच्या उलटं निघू शकतं, आणि मग इतकी वर्षं कशासाठी घासली हे घरी सांगत बसावं लागतं. विषयाचं तसं नाही. 'सोशल मीडिया आणि तरुण पिढी : एक चिकित्सक अभ्यास', आता ह्याला कोण चूक म्हणणार? चूक ठरण्याइतकं त्यात काही म्हटलेलंच नाही. फक्त 'चिकित्सक'च्या जागी 'तौलनिक' टाकू नका, मग दोन गोष्टी वाचाव्या लागतात.

रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये, म्हणजे आधी झालेल्या संशोधनाच्या आढाव्यात, वाचन येतं हा असाच एक गैरसमज. पीडीएफ उतरवायच्या, चारशेक तरी, मग फोल्डरच्या आत फोल्डर, त्यांना रंगीत टॅग, एवढं झालं की दिवस कसा भरून पावल्यासारखा वाटतो. ॲबस्ट्रॅक्टच्या, म्हणजे सुरुवातीच्या सारांशाच्या, खाली जायचं नाही, खाली लोकांनी मर्यादा वगैरे लिहिलेल्या असतात, उगाच मूड जातो. आणि रिसर्च गॅप? आपण ज्यावर काही वाचलेलं नाही त्यावर कोणी काही लिहिलेलं नाही, झाला गॅप. चुकून कोणी १० वर्षांपूर्वी नेमकं हेच करून ठेवलेलं दिसलं तर टॅब बंद करा आणि पाणी प्या.

आता टाइमलाइन. हा माझा लाडका भाग, कारण ह्यात आख्खा आठवडा जातो आणि तो काम केल्यासारखा दिसतो. गँट चार्ट काढायचा, निळ्या-हिरव्या पट्ट्यांचा. डेटा कलेक्शन २ महिने, ॲनालिसिस १ महिना, लिखाण १५ दिवस (लिखाण काय हो, टायपिंगच तर आहे), एथिक्स कमिटीची मंजुरी १ आठवडा कारण ते लोक तुमचीच फाइल कधी येतेय म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेले असतात. आजारपण, क्रॅश झालेला लॅपटॉप, 'जरा बघून सांगतो' म्हणून दीड महिना गायब झालेला गाईड, ह्यांच्यासाठी चार्टात पट्टी नसते त्यामुळे त्या गोष्टी होत नाहीत. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस ह्या मानसशास्त्रज्ञांनी थीसिस लिहीत बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं की अजून किती दिवस लागतील. सरासरी उत्तर आलं ३४. बरं, जे जे बिघडू शकतं ते सगळं बिघडलं तर? साधारण ४९. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे पोरांच्या कल्पनेतला प्रलयसुद्धा खऱ्या आयुष्यापेक्षा आठवडाभर आधी उरकत होता. कानेमन आणि ट्वर्स्की ह्यांनी तर १९७९ लाच ह्याला 'प्लॅनिंग फॅलसी' असं नाव देऊन ठेवलेलं. पण ते इतरांसाठी. तुम्ही आत्ता वाचलंत म्हणजे तुम्ही सुटलात, तुमचे १५ दिवस तसेच राहू द्या.

सॅम्पल किती घ्यायचं? मिळेल तेवढं, आणि तेवढंच का पुरेसं होतं ते नंतर शोधायचं. फॉर्मची लिंक सगळ्या ग्रुपांवर टाका, 'प्लीज भरा ना, दोनच मिनिटं लागतात', मग मावशी, मावशीची शेजारीण, शाळेतले मित्र आणि भीड मोडवत नाही असे इतर मिळून जे जमतील त्यांना आपण समाज म्हणायचं. औषधांच्या चाचण्या करणाऱ्यांमध्ये लझान्याचा नियम म्हणून एक जुनी कुरकुर आहे, की चाचणी सुरू झाली रे झाली की कालपर्यंत ढिगाने दिसणारे पेशंट गायब होतात. तुमच्याकडे मावशी आहे, तुम्हाला काय फरक पडतो.

ॲनालिसिस कसं करणार हे मात्र आधी कुठेही लिहून ठेवू नका, हात जोडून सांगतो. कोणाला वगळणार, कुठली टेस्ट लावणार, सगळं मोकळं ठेवा. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या २० गोष्टी तपासा, त्यातल्या एकीतही खरं काही नसलं आणि पी-व्हॅल्यूची (म्हणजे खरं काही नसताना असा निकाल योगायोगाने येण्याच्या शक्यतेची) वेस ०.०५ ला असली तरी निदान एखादी निव्वळ नशिबाने आत येण्याची शक्यता ६४ टक्के असते. आली की ती आपली हायपोथिसिस (आधीच मांडलेला अंदाज), अगदी पहिल्या दिवसापासूनची! नॉर्बर्ट केर ह्यांनी १९९८ मध्ये ह्या प्रकाराला हार्किंग म्हणून नावं ठेवली, ठेवू देत. २०११ मध्ये सिमन्स, नेल्सन आणि सिमनसन ह्यांनी असल्याच सवलती घेऊन 'सिद्ध' करून दाखवलं की एक विशिष्ट गाणं ऐकलं की माणसाचं वय जवळपास दीड वर्षाने कमी होतं. कमी झाल्यासारखं वाटतं असं नाही हं, जन्मतारखेप्रमाणे कमी. त्यांनी ते इशारा म्हणून छापलं होतं, तुम्ही कृती म्हणून वाचा.

स्टॅटिस्टिक्सवाल्याला गाठायचं ते सबमिशनच्या आठवड्यात, वरातीमागून घोडं. स्वतः स्टॅटिस्टिशियन असलेले रोनाल्ड फिशर १९३८ मध्येच म्हणून गेलेत की प्रयोग संपल्यावर स्टॅटिस्टिशियनला विचारणं म्हणजे पोस्टमॉर्टेम करायला सांगणं, तो फार तर प्रयोग कशाने मेला ते सांगेल. सांगू दे की, 'संशोधनाच्या मर्यादा' हा चॅप्टर तेवढ्यावर निघतो.

आणि शेवटचं वाक्य आजच टाइप करून ठेवा, 'ह्या विषयावर अधिक संशोधन होणे गरजेचे आहे'. आख्ख्या चार्टात वेळेत पूर्ण होणारी तेवढी एकच पट्टी आहे.