किलोभर बोर्डात तोळाभर सोनं? आधी हिशेब करा

भंगारवाल्यांच्या आणि मोबाईल दुरुस्तीवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतो. त्याचा सारांश असा: "जुन्या मोबाईलच्या एक किलो बोर्डातून तोळाभर सोनं निघतं. प्लास्टिकची बादली, तेजाब आणि चार तास पुरे. टोकियो ऑलिम्पिकची पदकं अशीच बनली. उरलेल्या पाण्यात तुळशीचा काढा ओतला की नॅनो सोनं (अतिसूक्ष्म कणांचं) तयार होतं. ते पिता येतं, मोसंबीवर फवारता येतं." यातलं एकच खरं आहे, बोर्डात सोनं असतं. बाकीचं एकेक पाहू.

"किलोला तोळा." एका मोबाईलमध्ये ०.०३ ग्रॅमच्या आसपास सोनं असतं, म्हणजे दहा ग्रॅमच्या तोळ्याला तीनशेहून जास्त फोन. बॅटरी काढलेल्या एक टन फोनमध्ये ३०० ते ३५० ग्रॅम भरतं. काच-प्लास्टिक काढून नुसता बोर्ड तोलला तर किलोला एक-दीड ग्रॅम, फार तर दोन. संगणकाच्या मदरबोर्डात किलोला ०.२ ग्रॅमच्या आसपासच.

माणूस फसतो तो पिवळ्या रंगाला. रॅमच्या काठावरच्या पट्ट्यांवर सोन्याचा थर ०.७५ मायक्रॉनच्या आसपास असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असा १० चौरस सेंटीमीटर पट्टा खरवडला तर १४-१५ मिलिग्रॅम सोनं. बोर्डावरच्या साध्या ठिपक्यांवर थर ०.०५ मायक्रॉन, तेवढ्याच जागेत १ मिलिग्रॅम. दिसायला दोन्ही सारखेच पिवळे. एक्सआरएफ गनसुद्धा (क्ष-किरणांनी धातू ओळखणारं हातातलं यंत्र) वरचे काही मायक्रॉनच वाचते, म्हणून पट्टीवर धरली की टक्क्यांत सोनं दाखवते. तो आकडा पूर्ण वजनाला लावून माल घेणारा बुडतो. जुन्या बोर्डांवर थर जाड असायचा हे मात्र खरं.

"टोकियोची पदकं अशीच." जपानने ७८,९८५ टन जुनी उपकरणं गोळा केली, त्यात ६२ लाख फोन होते. सोनं निघालं ३२ किलो, तेही कारखान्यांत.

"बादली आणि तेजाब." खरी फसगत इथे होते. सोनं नुसत्या नायट्रिक आम्लात विरघळत नाही, नुसत्या हायड्रोक्लोरिक आम्लातही नाही; तीन भाग हायड्रोक्लोरिक आणि एक भाग नायट्रिक असं आम्लराज लागतं. पण बोर्डाचा साधारण पाचवा हिस्सा तांबं असतं आणि आम्ल आधी त्यावरच खर्ची पडतं. पाच किलो मदरबोर्डात एक किलो तांबं धरा: तेवढं विरघळवायला ७० टक्क्यांचं नायट्रिक अडीच ते चार लिटर जातं, आणि त्या पाच किलोत सोनं असतं जेमतेम एक ग्रॅम.

तांबं शिल्लक असेपर्यंत विरघळलेलं सोनं पुन्हा त्याच्यावर जाऊन बसतं. मोसंबीवाल्यांना हे वेगळ्या रूपात माहीत आहे. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या फवारणीच्या औषधात) लोखंडी खिळा बुडवून पाहतात. खिळ्यावर तांबूस थर चढला की चुना कमी पडला, अजून घाला. तिथे तांबं लोखंडावर चढतं, इथे सोनं तांब्यावर. मग पाणी हिरवंगार दिसतं, पण सोनं खालच्या गाळात असतं आणि तो गाळ फेकला जातो.

पुढचा त्रास सोल्डरमधल्या कथलाचा. नायट्रिकमध्ये त्याचा पांढरा चिकट गाळ होतो, गाळणकागद बुजतो. आधी हायड्रोक्लोरिकमध्ये भिजवलेल्या बोर्डाचं कथील पाण्यात राहिलं तर सोनं जांभळं होऊन इतकं बारीक सुटतं की कागदातून निघून जातं. म्हणजे बादलीत नॅनो सोनं झालंच तर ते असं, नको तेव्हा. नायट्रिक उरलेलं असताना सोनं खाली बसवायची पूड, सोडियम मेटाबायसल्फाइट, टाकली तर सोनं खाली बसतच नाही, किंवा बसलेलं परत विरघळतं. चांदी क्लोराइड होऊन गाळात जाते. चिपच्या काळ्या राळेखालच्या सोन्याच्या तारांपर्यंत तर आम्ल पोचतच नाही.

"काढा ओतला की नॅनो सोनं." पानांच्या रसाने सोन्याचे नॅनोकण होतात हे खरं, पण स्वच्छ गोल्ड क्लोराइडपासून. रसायनशास्त्रज्ञ टर्केविच यांनी १९५१ साली मांडलेली सायट्रेटची पद्धत प्रयोगशाळेत अशी करतात: गोल्ड क्लोराइडचं एक मिलिमोलर (अगदी पातळ) द्रावण २० मिली, उकळतं आणि ढवळत ठेवलेलं, त्यात एक टक्का ट्रायसोडियम सायट्रेट २ मिली. फिकट पिवळा रंग जातो, निळसर करडी छटा येते, मग दहाएक मिनिटांत डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल. त्यात सोनं असतं ४ मिलिग्रॅम. चिमूटभर मीठ पडलं तरी कण एकमेकांना चिकटतात आणि लाल पाणी निळं होतं. बादलीतलं पाणी तर क्लोराइडने भरलेलं, त्यात सोन्याच्या शेकडो पट तांबं. उरलेलं नायट्रिक आधी काढाच जाळतं; आम्ल मारून ओतला तर लोखंड आणि टॅनिनचं काळं पाणी होतं, हिराकस आणि हिरड्याच्या शाईसारखं. व्हिडिओत रंग बदलताना दिसतो तो हाच.

हे पाणी कुणीही पिऊ नये. त्यात शिसं असतं, निकेल असतं. मोसंबीवर मारलं तर पानं करपतील. चुन्याविना मोरचूद मारल्यावर करपतात तशीच.

आम्लात तांबं विरघळताना तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. सुरुवातीला नुसता घसा खवखवतो, पण काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकतं. धूर छातीत गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जा आणि आम्लाचा धूर होता हे सांगा. उरलेलं पाणी नाल्यात ओतणं तर गावावर अन्याय आहे. पिण्याच्या पाण्यात तांब्याची भारतीय मानकाची कमाल मर्यादा लिटरला १.५ मिलिग्रॅम. एक किलो तांबं साडेसहा लाख लिटर पाणी त्या मर्यादेवर नेतं, म्हणजे दहा हजार लिटरचे पासष्टच्यावर टँकर. शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम, तिथे दहा ग्रॅम शिसं दहा लाख लिटरला पुरतं. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावाच्या विहिरीशेजारी हे चालवायचं?

बोर्ड जाळूही नका. ज्वालारोधक ब्रोमीनपासून तांब्याच्या सान्निध्यात डायॉक्सिन तयार होतात. आणि जालन्याच्या भट्ट्यांना जाणाऱ्या लोखंडात मिसळू नका, कारण तांबं गेलेलं पोलाद गरम लाटताना तडकतं.

पैसा आहे तो निवडणीत. बॅटरी आधी आणि न टोचता काढा. रॅम, प्रोसेसर, मोबाईल बोर्ड, मदरबोर्ड आणि टीव्ही-चार्जरचे तपकिरी बोर्ड असे वेगळे ढीग करा. एकत्र मालाला सर्वांत हलक्या ढिगाचा भाव मिळतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार पुनर्चक्रण फक्त केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदलेल्यांनाच करता येतं, तेव्हा माल त्यांनाच द्या. मोठा लॉट असेल तर भाव गनवर ठरवू नका. लॉट दळून, ढिगाचे चार भाग करत नमुना तुमच्यासमोर काढायला सांगा. त्याच्या तीन सीलबंद पिशव्या करा: एक त्यांची, एक तुमची, तिसरी वाद झाला तर बाहेरच्या प्रयोगशाळेसाठी.