दार बंद करा, पण कागद बाहेर येऊ द्या

लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आहे, हे फारसे कुणाच्या ध्यानात नसते. नियम २४८ नुसार सभागृह नेत्याने विनंती केल्यास अध्यक्ष अशी बैठक ठरवतात. मग प्रेक्षक आणि पत्रकार बाहेर, आणि आत घडलेले फोडणे हा विशेषाधिकाराचा घोर भंग ठरतो. चीनशी युद्ध चालू असताना, नोव्हेंबर १९६२ च्या अधिवेशनात, अपक्ष खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी गुप्त बैठक सुचवली होती. नेहरूंनी ती नाकारली आणि स्वतःच्या सरकारचे वाभाडे उघड्या सभागृहात निघू दिले. ती चर्चा आज कुणालाही वाचता येते.

तरीही प्रत्येक बंद दार वाईट, असे मला वाटत नाही. संसदीय समित्यांच्या बैठका नियम २६६ नुसार खासगीच होतात आणि माझ्या मते ते योग्य आहे. समितीत पक्षादेश चालत नाही, कॅमेरा नसल्याने मतदारसंघासाठी आवेश आणावा लागत नाही, आणि मंत्रालयाचा सचिव एखादी योजना का रखडली हे जरा मोकळेपणाने सांगू शकतो. विधेयकातील एखाद्या कलमावर विरोधी पक्षाच्या सदस्याचे म्हणणे पटल्याचे सत्ताधारी सदस्य तिथेच कबूल करू शकतो. सभागृहात ते जवळजवळ अशक्य आहे.

माझा आक्षेप नंतरच्या मौनाला आहे. समितीचा अहवाल, त्यासोबतची भिन्नमतपत्रे आणि बैठकींची त्रोटक इतिवृत्ते प्रसिद्ध होतात, पण कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले, याची शब्दशः नोंद सहसा बाहेर येत नाही. दरम्यान ‘सूत्रां’च्या हवाल्याने सोयीचा तेवढा भाग दुसऱ्याच दिवशी छापून येतो. (हे सूत्र बहुधा समितीच्याच टेबलाशी बसलेले असते, हे सर्वांना ठाऊक आहे.) म्हणजे गुप्तता उरते ती फक्त सामान्य नागरिकापुरती.

कागदाला मुदत नसली की काय होते, याचे उदाहरण त्याच युद्धाचे आहे. पराभवाची चौकशी करणाऱ्या हेंडरसन ब्रूक्स अहवालाचे सार संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत सांगितले; मूळ अहवाल मात्र सरकारने अजूनही प्रसिद्ध केलेला नाही. तो संसदीय समितीचा नव्हता, हे मान्य. पण लष्करी गोपनीयतेचे कारण साठ वर्षांनंतरही पुरत असेल, तर साक्षींच्या नोंदींसाठीही एखादे कारण कायमचे पुरेल. म्हणून समितीपुढील साक्षींची शब्दशः नोंद, संरक्षणासारखे अपवाद वगळता, त्या लोकसभेची मुदत संपताच खुली करावी आणि अपवाद करायचा झाल्यास त्याचे कारण अध्यक्षांनी लेखी द्यावे.