मराठी फाइलला बॉम लागतोच?

सांगली-मिरजेकडे मराठी याद्यांवर शेल स्क्रिप्ट (लिनक्सच्या आज्ञांची फाइल) चालवणाऱ्याला हा सल्ला कुणीतरी पाठवतोच: "मराठी मजकुराची प्रत्येक फाइल, स्क्रिप्टसकट, 'यूटीएफ-८ विथ बॉम' अशीच सेव्ह करा. त्याशिवाय संगणकाला देवनागरी ओळखता येत नाही. बॉम दिसत नाही, त्यामुळे बिघडत काहीच नाही." यूटीएफ-८ म्हणजे युनिकोडची अक्षरं बाइटांत साठवायची एक पद्धत, आणि बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीची अदृश्य खूण. एक्सेलपुरता ठीक आहे हा सल्ला. पुढे तो भलताच ताणलाय.

'ओळखता येत नाही' हे आधी निकालात काढू. बॉम म्हणजे बाइट ऑर्डर मार्क. यूटीएफ-१६ या दुसऱ्या पद्धतीत दोन बाइटांपैकी आधी कुठला, हे सांगायला तो लागतो. यूटीएफ-८ मध्ये क्रमाचा प्रश्नच नाही, आणि युनिकोडचं मानकही तिथे बॉमची शिफारस करत नाही.

आता 'बिघडत काहीच नाही'. यूटीएफ-८ चा बॉम म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे ३ बाइट: ईएफ, बीबी, बीएफ. स्क्रिप्ट चालवताना लिनक्सचा कर्नल (गाभा) पहिल्या २ बाइटांत '#!' शोधतो. तिथे बॉम बसला की शीबँग, म्हणजे स्क्रिप्ट कुठल्या प्रोग्रामने चालवायची हे सांगणारी '#!'ची ओळ, ओळखलीच जात नाही. मग शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ती फाइल स्वतःच चालवून बघतो. पहिल्या ओळीवर एरर येते आणि उरलेली स्क्रिप्ट खुशाल पुढे पळते. टर्मिनलवर बॅश हा शेल असेल तर काम होऊनही जातं, म्हणून त्या एररकडे कुणी बघत नाही. तीच स्क्रिप्ट ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या उबंटूच्या क्रॉनमधून गेली की डॅश या दुसऱ्या शेलच्या हाती पडते, आणि बॅशचे ॲरे (याद्या) पाहून डॅश सिंटॅक्स एरर देतो.

डेटाचं त्याहून वाईट, कारण तिथे एररही येत नाही. समजा सांगली जिल्ह्याच्या १० तालुक्यांच्या १० सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या फाइली) आहेत, सगळ्या बॉमसकट. मिरजेच्या फाइलची पहिलीच ओळ 'मिरज'ने सुरू होते, पण ओळी शोधणाऱ्या ग्रेपला '^मिरज' (ओळीच्या सुरुवातीलाच 'मिरज') दिलं तर नेमकी तीच सापडत नाही. कॅटने सगळ्या जोडल्या की एक बॉम वर आणि बाकीचे ९ अधेमधे. मग ऑकने तालुकावार बेरीज केली की 'जत' दोनदा येतो, एकदा बॉमसकट, एकदा त्याशिवाय, पण डोळ्यांना अगदी एकसारखा.

राहिलं 'प्रत्येक फाइल'. विंडोजवर बॉम नसलेल्या सीएसव्हीवर डबल क्लिक केलं की एक्सेल बहुतेकदा ती जुन्या कोडपेजने (युनिकोडआधीच्या अक्षरांच्या तक्त्याने) वाचतो आणि तालुक्यांच्या जागी लॅटिन अक्षरांचा कचरा दिसतो. विंडोजच्याच पॉवरशेल ५.१ च्या स्क्रिप्टमध्ये मराठी असेल तर तिथेही बॉम हवाच. पण नोटपॅडसुद्धा २०१९ पासून नवी फाइल बॉमशिवायच सेव्ह करतो. तेव्हा सगळी प्रक्रिया बॉमशिवाय करा आणि एक्सेलवाल्याला द्यायच्या प्रतीतच प्रिंटएफ या आज्ञेने ते ३ बाइट सुरुवातीला लिहा.

बाहेरून आलेल्या फाइलीतला बॉम काढायला काहीजण 'टेल -सी +४' सुचवतात. तो न बघता ३ बाइट उडवतो. देवनागरीचं एक अक्षरही ३ च बाइटांचं, त्यामुळे बॉम नसलेल्या फाइलीत 'मिरज'मधला 'म' जातो आणि वेलांटी लोंबकळत राहते. त्यापेक्षा डॉसटूयुनिक्स बरा: बॉम असला तरच काढतो, वर ओळींच्या शेवटचे विंडोजचे सीआरही (ओळ संपल्याची जादा खूण) घालवतो.