मांडवी म्हणजे आपलीच म्हादई

पणजीत मांडवी नदीवर होणाऱ्या सूर्यास्त बोटसफरीवरचा तुमचा लेख आवडला. पण ही मांडवी म्हणजे आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई, हे त्यात यायलाच हवं होतं. आम्ही बेळगावकर गोव्यात जायला चोर्ला घाट उतरतो आणि पणजीत तीच नदी खाडी होऊन समोर येते. समुद्राकडे जाताना उजवीकडे रेइश मागूशचा किल्ला, पुढे आग्वादचा किल्ला. तो देखावा खरंच डोळ्यांत मावत नाही. मोठ्या बोटींवर गाणी-नाच जोरात असतात. निवांतपणा हवा असेल तर पणजीजवळच्या रायबंदरहून चोडण बेटावर जाणारी फेरीबोट धरा. पलीकडे सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. ओहोटीला खारफुटीची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली दिसतात, त्यांच्यात बगळे टपून उभे. पोरांना आवर्जून सांगा, हे पाणी आपल्या खानापूरकडच्या भीमगडच्या रानातून आलंय.